तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या टूरमध्ये डॉल्फिन शो का नाही

नाशिकमधल्या कॅनडा कॉर्नरजवळच्या माझ्या ऑफिसात दिवाळीच्या टूरचं बुकिंग सुरू झालं की आठवड्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न येतो. "मॅडम, बाकी सगळ्यांच्या पॅकेजमध्ये डॉल्फिन शो आहे, तुमच्यातच का नाही?" कोणी म्हणतं, पैसे वाचवता. कोणी म्हणतं, मुलांचा हिरमोड होतो. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही, म्हणून मी इतकी वर्षं "वेळेत बसत नाही" असं सांगत आले. ते खोटं होतं. वेळ व्यवस्थित बसतो.

२०१६ पर्यंत आमच्याही टूरमध्ये शो होता. मी स्वतः सात-आठ वेळा पाहिलाय, टाळ्या वाजवल्यात, लोकांचे फोटो काढून दिलेत.

त्या वर्षी बावीस जणांचा ग्रुप होता. परदेशातलं ते शहर कुठलं हे लिहीत नाही, तिथली माणसं माझ्याशी चांगलीच वागली होती. शो संपला, सगळे बसकडे निघाले आणि पंचवटीतल्या एका आजींच्या लक्षात आलं की कापडी पिशवी खुर्चीखाली राहिली. पिशवीत बीपीच्या गोळ्या. मी धावत परत आत गेले.

सभागृह रिकामं. गाणी बंद. एक माणूस खुर्च्यांमधले पॉपकॉर्न झाडत होता आणि कुठेतरी पंप घुमत होता. मोठ्या टाकीच्या मागे जाळीचं फाटक, फाटकापलीकडे लहान टाकी. तिच्यात एक डॉल्फिन फिरत होता. भिंतीला धरून, एकाच दिशेने. फाटकाशी आला की पाठ वर यायची, फस्स असा श्वास, पुन्हा खाली. पिशवी हातात घेऊन मी निघालेच होते, पण पाय हलेना. फाटकाच्या डावीकडे भिंतीचा निळा रंग हातभर उडाला होता. तो दर फेरीला बरोब्बर त्या डागासमोर श्वास घ्यायचा. मी मोजायला लागले. सतरा फेऱ्या मोजल्या.

मग पुढच्या शोसाठी कोणीतरी स्पीकर तपासला. शोचं सुरुवातीचं गाणं दोन-तीन सेकंद वाजलं आणि बंद झालं. डॉल्फिन थांबला. पाण्यात उभा राहिला, डोकं बाहेर, ट्रेनर ज्या दारातून येतात त्या दाराकडे तोंड करून. दार उघडलं नाही. तो तसाच उभा. मलाही वाटायला लागलं की आता कोणीतरी यावं. कोणी आलं नाही. मग तो खाली गेला आणि फेरी सुरू झाली, त्याच दिशेने, त्याच डागासमोर श्वास.

एवढंच. कोणी त्याला मारलं नाही, पाणी घाण नव्हतं, उपाशी दिसत नव्हता. तुम्ही मला सांगता की त्यात वाईट काय, तेव्हा माझ्याकडे दाखवायला जखम नसते, हे मला माहीत आहे.

बसमध्ये आजींनी विचारलं, एवढा वेळ का लागला. मी सांगितलं. त्या थोडा वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "त्याला हाक मारणारं कोणी आहे का गं तिथं?" मी म्हटलं, ट्रेनरनी नाव ठेवलं असेलच की. त्या म्हणाल्या, "तसं नाही. त्याच्यातलं कोणी."

त्या दिवसापर्यंत मला माहीत नव्हतं की डॉल्फिनला खरोखरच स्वतःची हाक असते. प्रत्येकाची शीळ वेगळी, लहानपणीच ठरते, आणि ओळखीचे त्या शिळेला ओळखतात. २०१३ मध्ये शिकागोच्या एका संशोधकाने सहा ठिकाणच्या त्रेचाळीस पाळीव डॉल्फिनना जुन्या सोबत्यांच्या शिळा ऐकवल्या. बेली नावाची मादी बर्म्युडात होती, अ‍ॅली शिकागोजवळच्या प्राणिसंग्रहालयात. लहानपणी दोघी फ्लोरिडात एकत्र होत्या. वीस वर्षं उलटल्यावर अ‍ॅलीची शीळ वाजवली आणि बेलीने ती ओळखली. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. आठवणीत ठेवता येतं म्हणजे हरवतंही, असं मला वाटलं. अजून वाटतं.

पण आता माझी चूकही सांगते. शो बंद केल्यावर पहिली दोन-तीन वर्षं मी लोकांना ठासून सांगायचे: डॉल्फिन आवाजाने बघतो, सिमेंटच्या टाकीत त्याचा आवाज चारही बाजूंनी उलटून अंगावर येतो, आरसेमहालात कोंडलेल्या माणसासारखं त्याला वेड लागतं. ऐकणारे हळहळायचे. मलाही बरं वाटायचं. मग एका ग्रुपमधल्या सातपूरच्या तरुण इंजिनिअरने शांतपणे विचारलं, "हे कोणी मोजलंय का?" मी शोधायला बसले. वेड लागल्याचा पुरावा मला सापडला नाही. सापडलं ते वेगळंच.

डॉल्फिन बघण्यासाठी टकटक असे आवाज सोडतो आणि ते आदळून परत आले की समोर काय आहे ते ओळखतो; त्या आवाजांना क्लिक म्हणतात. टाकीत ठेवलेल्या डॉल्फिनचे क्लिक आधी मोजले होते तेव्हा ते साधारण ३० ते ६० किलोहर्ट्झचे भरले होते (आकडा जितका मोठा तितकी आवाजाची पट्टी उंच). १९७४ मध्ये हवाई बेटांवरच्या कानेओहे खाडीत, मोकळ्या पाण्यात, लांबची वस्तू शोधायला लावून मोजले, तर तेच क्लिक १२० च्या आसपास गेले आणि कितीतरी पटींनी जोरदार निघाले. माणसाला २० च्या वरचं ऐकूच येत नाही, त्यामुळे काठावर उभं राहून यातलं काहीच कळणार नाही. म्हणजे भिंती जवळ असल्या की डॉल्फिन आवाज उतरवतो. पांडवलेण्यातल्या चैत्यगृहात शिरल्यावर आमच्या सहलीतली पोरंसुद्धा आपोआप हळू बोलायला लागतात, तसं.

आता हे वाईट की चांगलं? आधीची मी लगेच म्हणाली असती, बघा, त्याचा आवाज दाबला. पण पोरं लेण्यात हळू बोलतात ती दुःखी नसतात. फरक इतकाच की अर्ध्या तासाने ती बाहेर येतात, पायऱ्या उतरताना पुन्हा आरडाओरडा करतात. जन्मभर कोणी लेण्यात हळूच बोलत राहिला तर त्याचं काय होतं, हे मला सांगता येत नाही.

त्या सतरा फेऱ्यांचंही तसंच. डॉल्फिनच्या मेंदूचा एक अर्धा भाग झोपतो, दुसरा जागा राहतो, आणि असं झोपेत ते संथपणे गोल पोहतातही. मी पाहिला तो कदाचित झोपलेला असेल. एक डोळा मिटलेला होता का, हे मी पाहिलं नाही. पण झोपलेला गाण्याने उभा राहिला, मग दाराकडे बघत होता ते काय होतं? पॅरिसजवळच्या एका पार्कमधल्या डॉल्फिनवर २०१८ मध्ये संशोधन प्रसिद्ध झालं: ओळखीचा माणूस खेळायला येणार असला की ते आधीपासूनच डोकं बाहेर काढून वाट बघायचे, नुसती खेळणी मिळणार असली तर तितकं नाही. शोवाले हे वाचून म्हणतील, बघा, माणूस त्याला आवडतो. खरंच आवडत असेल. मला मात्र न उघडलेलं दार आठवतं. दुसरं काही वाट बघण्यासारखं उरलेलं नसेल तर आवड आणि गरज वेगळी कशी ओळखायची?

ती भिंत निळी का असते, तेही सांगते. आपल्यासाठी. निळा रंग ओळखणाऱ्या पेशी डॉल्फिनच्या डोळ्यात नसतात. आणि तो हसत नसतो, जबड्याची ठेवणच तशी आहे.

"सरकारला काही वाटत नाही, तुम्हालाच का?" असंही विचारतात. आपल्याकडे मे २०१३ पासून अशा शोला परवानगी देऊ नका असं केंद्राने राज्यांना कळवलंय. आपण देशात जे होऊ देत नाही ते बघायला मी तिकीट काढून बाहेर न्यायचं, हे मला जमत नाही.

आणि हो, दापोली-तारकर्लीला मी ग्रुप नेते, होडीतून डॉल्फिन दाखवते. यावरही मला सुनावलंत, बरोबरच सुनावलंत. चार होड्या एका कळपामागे इंजिन गरजत धावतात, तेव्हा आवाजाने बघणाऱ्या जिवाच्या डोळ्यांत आपण धूर सोडतो. आता मी होडीवाल्या दादांना आधीच सांगते, मागे लागायचं नाही, इंजिन बंद करून थांबायचं, दिसले तर दिसले. दोनदा काहीच दिसलं नाही आणि लोकांनी पैसे परत मागितले. दिले. हे पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही.

यंदाच्या दिवाळी टूरमध्ये चौथ्या दिवशी दुपार मोकळी ठेवली आहे. ज्यांना शो बघायचाय त्यांनी आपलं तिकीट आपण काढावं, मी अडवणार नाही. त्यामुळे मी मधल्या मध्ये अडकते, हेही खरं. आजी आता टूरला येत नाहीत, गुडघे साथ देत नाहीत. फोन केला की अजून विचारतात, तो फिरतोय का गं अजून. त्या दुपारी मी पाण्याच्या बाटल्या घेऊन बसपाशी थांबेन. पाच वाजता निघायचंय.