‘आभाळ आलंय’च्या पुढं

मराठवाड्यात आभाळाकडं बघायची सवय सगळ्यांनाच आहे, पण प्रश्न एकच असतो: येतोय का नाही? मृग लागला की माना वर जातात आणि ढग नुसताच पुढं गेला की खाली येतात. इथं पोटच पावसावर आहे, त्यामुळं ते साहजिक आहे. तरीही न पडणारा ढग चांगला बघून झाल्याशिवाय पडणारा ओळखता येत नाही. शिवाय न पडणारा ढगही फार देखणा असतो. रोज दहा मिनिटं, एकाच गच्चीवरून, एकाच दिशेचा तुकडा धरून बघितला तर महिनाभरात डोळा तयार होतो.

नावं पाठ करायची घाई नको. आधी ढगाची कड बघा. कड फुलगोबीसारखी रेखीव, चाकूनं कापल्यासारखी असेल तर तो ढग पाण्याच्या थेंबांचा. विस्कटलेली, पिंजलेल्या कापसासारखी, तंतू ओढल्यासारखी असेल तर बर्फाच्या कणांचा. एवढी एक ओळख पुष्कळ काम करते. उन्हाळ्यात दुपारी वाढत चाललेल्या ढगाचा रेखीव माथा बघता बघता गुळगुळीत, धुरकट झाला, तर वर पाण्याचा बर्फ होऊ लागलाय. तिथून पुढं विजेची शक्यता धरूनच चालायचं.

मग तळ बघा. दुपारच्या कापशी ढगांचे माथे वेगवेगळे, पण तळ सगळ्यांचे एका पातळीत, फळीवर मांडल्यासारखे. तापलेल्या जमिनीवरून वर जाणारी हवा ज्या उंचीवर पुरेशी गार होते, तिथंच वाफेचे थेंब बनतात. तीच ती फळी. तिची उंची घरबसल्या काढता येते. मोबाइलच्या हवामान ॲपमध्ये तापमान आणि ‘ड्यू पॉइंट’ म्हणजे दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे थेंब होऊ लागतात ते), दोन्ही दिसतात. त्यांच्यातला फरक गुणिले १२५, की तळाची उंची मीटरमध्ये मिळते. मे महिन्यात तापमान ४० आणि दवबिंदू १६ असेल तर २४ गुणिले १२५, म्हणजे ३००० मीटर. ऑगस्टमध्ये २८ आणि २२ असेल तर फक्त ७५० मीटर. हा हिशोब दुपारी, जमिनीच्या उष्णतेनं वर आलेल्या ढगांनाच लागू पडतो. झड लागलेल्या दिवसाच्या मळभाला लावला तर चुकतो.

मे महिन्यातला तो तीन हजार मीटरचा आकडा आपल्याकडं फार काही सांगतो. इतक्या उंचावरून निघालेली सर कोरड्या हवेतून येताना वाटेतच आटते. ढगाखाली करड्या झालरी लोंबताना दिसतात, त्या जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. पाणी आटताना हवा गार आणि जड होते, धाडकन खाली बसते आणि जमिनीवर चहूकडं पसरते. वळवाच्या आधी धूळ उडवत येणारं, पत्रे उचकटणारं गार वारं बरेचदा हेच असतं. ‘गर्जेल तो पडेल काय’ या म्हणीतही निरीक्षण आहे: गडगडाट दहा-पंधरा किलोमीटरवरून ऐकू येतो, पाऊस मात्र ढगाखालच्या शिवारातच पडतो, आणि कधी तिथंही नाही.

पावसाळ्यातलं आभाळ याहून गमतीचं, आणि ते बघायला मराठवाडा फार चांगली जागा आहे. जुलैत खालचे ढग पश्चिमेकडून पूर्वेकडं धावतात. सह्याद्रीच्या पलीकडं ओझं उतरवून, घाट उतरताना उबदार झालेल्या हवेतून ते येतात, म्हणून फाटके असतात आणि चिरचिरीपलीकडं फारसं देत नाहीत. पण त्या फटींमधून वर बघा. पांढरे, रेषारेषांचे उंच ढग उलट्या दिशेनं, पूर्वेकडून पश्चिमेकडं जात असतात. पावसाळ्यात दक्षिण भारतावर साधारण १२ ते १५ किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून जोरकस वारे वाहतात. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५०च्या दशकात या प्रवाहाचा अभ्यास मांडला. तो गच्चीवर उभं राहून नुसत्या डोळ्यांनी बघता येतो.

मात्र इथं नजर हमखास फसते. खालचे ढग पूर्वेकडं पळत असताना वरचा स्थिर ढगसुद्धा पश्चिमेकडं सरकतोय असं वाटतं. म्हणून एका ढगाची दिशा दुसऱ्या ढगावरून ठरवायची नाही. विजेचा खांब किंवा पाण्याच्या टाकीची कड डोळ्यासमोर धरून तीन-चार मिनिटं डोकं न हलवता बघायचं. त्याहून चांगला उपाय परातीचा. परातीत तळाला काळं प्लास्टिक अंथरा, दोन बोटं पाणी भरा आणि सूर्याचं प्रतिबिंब डोळ्यात येणार नाही अशा बाजूला बसा. परातीच्या भोवती खडूनं चार दिशा लिहा. ढगाचा एक ठळक कोपरा पाण्यात मधोमध धरा आणि तो कोणत्या काठाकडून बाहेर जातो ते बघा. पाणी आपोआप समपातळीत राहतं, म्हणून आरशापेक्षा परात बरी. वारा असला की पाणी थरथरतं. मग आडोशाला ठेवा, नाहीतर आरसाच घ्या.

दिशा लिहिताना दुपारच्या सावलीवर विसंबू नका. आपल्याकडं साधारण मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत भरदुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, त्यामुळं सावली दक्षिणेला पडते. मोबाइलचं होकायंत्र वापरा, पण पत्र्यापासून आणि लोखंडी जिन्यापासून लांब उभं राहून.

खालच्या ढगांची धाव पश्चिमेऐवजी पूर्वेकडून सुरू झाली तर वहीत ठळक नोंद करा. बंगालच्या उपसागरातून आलेलं कमी दाबाचं क्षेत्र आपल्या दक्षिणेकडून सरकत असताना असं होतं, आणि आपल्याकडचा भरवशाचा पाऊस पुष्कळदा अशाच क्षेत्रांमधून येतो.

आता नावं. लंडनचे औषधविक्रेते ल्यूक हॉवर्ड यांनी १८०२ मध्ये ढगांना लॅटिन नावं दिली, आणि ती आपल्या माणसाला परकी वाटायचं कारण नाही. क्युम्युलस म्हणजे रास, स्ट्रॅटस म्हणजे थर, सिरस म्हणजे केसांची बट. ज्यानं ज्वारीची रास बघितली आहे त्याला क्युम्युलस सांगावा लागत नाही. आज मुख्य प्रकार दहा मानतात. त्यांतले ठिपक्याठिपक्यांचे तीन सारखे घोटाळा करतात. त्यांना बोटं लावा. क्षितिजापासून तीन मुठींच्या वरचा ढग निवडा, हात सरळ लांब करा. एक ठिपका करंगळीआड लपला तर सिरोक्युम्युलस, तीन बोटांत मावला तर आल्टोक्युम्युलस, त्याहून मोठा असेल तर स्ट्रॅटोक्युम्युलस. क्षितिजाजवळचे ढग चेपलेले दिसतात, तिथं ही युक्ती चालत नाही.

रात्री चंद्राला खळं पडलं तर हात लांब करून अंगठ्याचं टोक चंद्रावर ठेवा आणि पंजा पूर्ण ताणा. करंगळी कड्यापर्यंत पोचली तर ते २२ अंशांचं खळं, वर बर्फकणांचा पातळ पडदा आहे. चंद्राला चिकटून लहान रंगीत चकती दिसली तर तो पाण्याच्या थेंबांचा ढग.

वजनाचा हिशोबही एकदा करून बघाच. एक किलोमीटर लांब, रुंद आणि उंच अशा साध्या कापशी ढगात दर घनमीटरला सुमारे अर्धा ग्रॅम पाणी धरलं तर होतात ५०० टन, म्हणजे पाच लाख लिटर. दहा हजार लिटरचे पन्नास टँकर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेल्या पहिल्या पाणी-रेल्वेत साधारण एवढंच पाणी होतं. ते वर तरंगतं कारण थेंब फार बारीक असतात; मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा थेंब सेकंदाला जेमतेम एक सेंटीमीटर खाली येतो. पावसाचा एक थेंब व्हायला असे लाखो थेंब एकत्र यावे लागतात.

वादळी ढगाचं निरीक्षण मात्र घरातूनच. माथा ऐरणीसारखा पसरला की गच्ची सोडा. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात जा, झाडाखाली अजिबात नको, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप शेतात जाणाऱ्या प्रत्येकाकडं असावं.

वहीत रोज एक ओळ पुरते: वेळ, आभाळाचे आठ भाग धरून त्यांतले किती झाकले, कड कशी, खालची धाव, वरची धाव. फोटो काढलात तर दरवेळी तीच टाकी किंवा तेच लिंबाचं झाड कोपऱ्यात येऊ द्या, आणि ढगाच्या उजळ भागावर बोट टेकवून मगच टिपा, नाहीतर कडा पांढऱ्याफटक होतात.

दिवस मावळल्यावर लगेच खाली उतरू नका. ज्या ढगाचा रंग आधी विझतो तो सगळ्यांत खालचा. कापशी ढग करडे पडतात, मधले गुलाबी राहतात, आणि जमिनीवर अंधारू लागलं तरी सिरसच्या बटा तांबूस पेटलेल्या असतात, कारण तेवढ्या उंचीवरून त्यांना सूर्य अजून दिसत असतो.