मिस, माझी नॅन कुठल्या रकान्यात?

मी इंग्लंडमध्ये मिडलँड्समधल्या एका सेकंडरी शाळेत आरई शिकवते. आरई म्हणजे रिलिजस एज्युकेशन. आठवड्याला एक तास, मुलांच्या भाषेत डुलकीचा तास. आईला फोनवर यातलं काही सांगायला गेलं की ती म्हणते, घरात निरांजन लावायचा कंटाळा नि पगार मात्र देवाधर्माचा घेतेस.

विषयच तसा विचित्र आहे. १९४४ च्या कायद्यापासून सक्तीचा, पण नॅशनल करिक्युलममध्ये नाही. आमच्यासारख्या कौन्सिलच्या शाळांचा सिलॅबस त्या त्या भागात ठरतो, आणि पालकांना वाटलं तर ते मुलाला या तासातून काढूनही घेऊ शकतात. १९८८ च्या कायद्यात लिहिलंय की ख्रिश्चन परंपरा मुख्य धरा आणि देशातल्या इतर प्रमुख धर्मांचीही दखल घ्या. ज्यांचा कुठलाच धर्म नाही त्यांचं काय, यावर त्या वाक्यात चकार शब्द नाही. २०१५ साली तीन कुटुंबं यावरून हायकोर्टात गेली आणि जिंकली. नुसता जीसीएसईचा, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या परीक्षेचा, कोर्स शिकवला की आरईची जबाबदारी संपली हे सरकारचं म्हणणं कोर्टाने चुकीचं ठरवलं. मग २०१८ मध्ये एका कमिशनने विषयाचं नावच 'रिलिजन अँड वर्ल्डव्ह्यूज', म्हणजे धर्म आणि जीवनदृष्टी, करा म्हणून सुचवलं. ते इकडे काही झालं नाही, वेल्सने मात्र कायदा बदलून टाकला. आणि तोवर २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधल्या ३७.२ टक्के लोकांनी 'नो रिलिजन'वर टिक केली होती. माझ्या वर्गात विचारलं तर निम्म्याहून जास्त हात वर येतात.

तर इयर एट, म्हणजे बारा-तेरा वर्षांची पोरं, आणि युनिट होतं मृत्यूनंतर काय. मी एक मोठा ए-थ्री तक्ता केला होता, सहा रकाने, पाच धर्मांचे आणि सहावा 'नॉन-रिलिजस'. कागदावर जागा संपत आली म्हणून सहावा रकाना बोटभर रुंद, आणि मुलांचा वेळ वाचावा म्हणून त्यात मीच छापून ठेवलं होतं, 'मृत्यूनंतर काही नसतं असं मानतात'. बास. पाच धर्मांना अर्धा-अर्धा तास आणि यांना एक ओळ, हे तेव्हा मला खटकलंसुद्धा नाही, आता लिहितानाही कसंतरी होतंय.

त्या दिवशी एक ह्युमनिस्ट, म्हणजे देवाधर्माशिवाय माणुसकीवर चालणाऱ्या, पाहुण्या आल्या होत्या. साठीच्या पुढच्या बाई, शाळांमध्ये बोलायचं ट्रेनिंग घेतलेल्या, शिवाय धर्मविधी नसलेले अंत्यसंस्कार चालवतात, त्याला इथे सेलिब्रंट म्हणतात. मला खरं टेन्शन होतं ते श्रद्धाळू घरातल्या मुलांचं, कारण आदल्या आठवड्यात एका पालकांचा ईमेल आला होता की धर्माच्या तासाला नास्तिकपणा कशाला शिकवता. बाईंनी ह्युमनिस्टांचं चिन्ह, तो हात वर केलेला 'हॅपी ह्युमन', दाखवला, आयुष्य एकदाच मिळतं, पुरावा बघून ठरवायचं, दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघायचं, असं छान सांगितलं. मशिदीत जाणाऱ्या दोन पोरांनी विचारलं, वरून कोणी बघत नसेल तर चांगलं वागायचं कशाला? त्यावर मस्त चर्चा झाली, आवाज न चढवता. मी मनात म्हटलं चला, सुटलो.

आणि मग मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभर माझ्या तासाला खिडकीबाहेर बघत बसलेला, त्याने हात वर केला. रजिस्टरवर हा पक्का 'नो रिलिजन'. म्हणाला, "माझी नॅन ह्युमनिस्ट नव्हती." नॅन म्हणजे आजी.

बाई म्हणाल्या, बरं, सांग ना तिच्याबद्दल.

मग तो जे सुटला. नॅनच्या फ्युनरलला पाद्री नव्हता, वेताची शवपेटी होती आणि सगळ्यांनी तिच्या फुटबॉल टीमचे मफलर घातले होते. चर्चला ती थोतांड म्हणायची. पण ग्रँडॅडच्या फोटोला रोज सकाळी शिव्या घालायची, की बॉयलर नीट करून न घेताच गेलास. आणि एकटा मॅगपाय, तो काळा-पांढरा पक्षी, दिसला की त्याला गुड मॉर्निंग म्हणायची, नाहीतर दिवस वाईट जातो. "मग मिस, ती कुठल्या रकान्यात? कारण इथे लिहिलंय काही नसतं असं मानतात. ती रोज त्याच्याशी भांडायची."

मिस, म्हणजे मी, गप्प. बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, मॅगपायला तर मी पण गुड मॉर्निंग करते, लहानपणापासूनची सवय. वर्ग फुटला हसून. मग त्यांनी सांगितलं की त्यांना बोलावणारी कितीतरी घरं स्वतःला ह्युमनिस्ट म्हणवत नाहीत, त्यांना फक्त आपल्या माणसाबद्दल खरं बोललेलं हवं असतं, आणि अंत्यसंस्काराच्या मध्ये त्या दोन मिनिटं शांतता ठेवतात, ज्यांना प्रार्थना करायचीय त्यांनी मनातल्या मनात करावी.

झालं, तिथून धडा माझ्या हातात राहिला नाही. कोणाचे बाबा देव मानत नाहीत पण भुतं मानतात, कोणाची आई 'काहीतरी शक्ती आहे' म्हणते, आणि एक मुलगी म्हणाली आम्ही कॅथलिक आहोत पण डॅड फक्त ख्रिसमसला. वर 'नो रिलिजन' लिहिलेल्यांची आपसात जेवढी मतं होती तेवढी पाच धर्मांच्या रकान्यांत मिळून नव्हती! घंटा झाली तरी पोरं उठेनात, आरईला हे मी पहिल्यांदा बघितलं.

संध्याकाळी तक्ते तपासायला घेतले. त्याच्या कागदावर सहाव्या रकान्यातली माझी छापील ओळ पेनाने गिरवून गिरवून खोडलेली, कागद फाटायचा बाकी, आणि खाली तिरकं लिहिलेलं, 'कोणाची नॅन, त्यावर आहे'.

तेव्हा मला आपले देव-परलोक न मानणारे चार्वाक आठवले. त्यांचं म्हणून जे आपल्याला तोंडपाठ असतं, कर्ज काढा पण तूप प्या, ते बहुतेक विरोधकांच्या पुस्तकांतून आलेलं, चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'सारख्या. त्यांचा स्वतःचा ग्रंथ आज हातात नाही. मी तरी दुसरं काय केलं होतं? प्रश्न सगळे धार्मिक लोकांचे घेतले, मृत्यूनंतर कुठे जातो, कोण न्याय करतो, आणि मग या मंडळींच्या नावापुढे लिहिलं, उत्तर नाही. मेलेल्या माणसाशी तुम्ही कसे वागता, हे विचारलंच नव्हतं.

पुढच्या तासाला चार्वाक सांगितले. एक गुजराती मुलगी, जिने हिंदूंच्या रकान्यात 'सगळे पुनर्जन्म मानतात' लिहिलं होतं, ती जरा रागावूनच म्हणाली, म्हणजे हा रकानापण खोडायचा का? म्हटलं, 'सगळे' तेवढं खोड. एका ख्रिश्चन मुलाने न सांगता आपल्याही रकान्यात तेच केलं.

ईमेलवाल्या पालकांना मी हे असंच्या असं लिहून पाठवलं, मॅगपायसकट. त्यांनी मुलीला तासातून काढलं नाही, उत्तरही दिलं नाही.

यंदा तो तक्ता मी काढूनच टाकलाय. सुरुवातीला प्रत्येकाने घरातल्या एका माणसाबद्दल लिहायचं, ते माणूस काय मानतं आणि खरंच काय करतं, धर्म त्यानंतर. विभागप्रमुखांनी विचारलं की मग असेसमेंटला मार्क कशावर देणार, दोन श्रद्धांची तुलना कुठेय यात. ते अजून जमवतेय.