दर २४ जूनची परीक्षा

२४ जून, रात्री

आज संत योहानाचा सण. माझा त्याच्याशी तसा काही संबंध नाही. पण कॅलेंडरवर ही तारीख आली की मला जर्मनीतलं एरफुर्ट गाव आठवतं आणि तिथला एक नोकरीचा करार आठवतो. १६७८ च्या जूनमध्ये तिथल्या प्रेडिगर चर्चने चोवीस वर्षांच्या योहान पाखेलबेल या संगीतकाराला ऑर्गनवादक म्हणून ठेवलं. कामं नेहमीचीच होती: उपासनेत वाजवायचं, स्तोत्रांसाठी पूर्वरचना करायच्या, वाद्याची देखभाल बघायची. त्यात एक कलम मात्र वेगळं होतं. दर वर्षी २४ जूनला दुपारची उपासना संपली की त्याने अर्धा तास एकट्याने वाजवायचं. ऑर्गनमध्ये जेवढे म्हणून आवाज आहेत तेवढे सगळे वापरायचे आणि वर्षभरात आपण कुठवर आलो ते दाखवायचं. गेल्या वर्षीपेक्षा यंदाचं सरस हवं.

आमच्या ऑफिसात मार्चअखेर स्वतःच्या कामाचं मूल्यमापन स्वतःच लिहून द्यावं लागतं. ‘उल्लेखनीय कामगिरी’च्या रकान्यात काय खरडायचं म्हणून सगळे एकमेकांचे जुने फॉर्म मागत फिरतात. पाखेलबेलच्या फॉर्मला रकाना एकच, आणि तो भरायचा हातापायांनी, सगळ्या गावाच्या देखत. मला ही पद्धत जास्त सभ्य वाटते.

अशी बारा वर्षं त्याने काढली.

संध्याकाळपासून त्याच्या ऑर्गनच्या रचना लावून बसले आहे. आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातला, वादकानेच पायांनी भाता मारत वाजवायचा ऑर्गन डोळ्यांसमोर येतो. चर्चमधल्या या अवाढव्य वाद्याचे भाते हलवायला त्या काळी वेगळी माणसं लागत. वादकाच्या पायांखाली असते ती खालच्या सुरांची आणखी एक पट्टी. प्रेडिगर चर्चमध्ये लुडविग कोम्पेनियसने १६४८ मध्ये बांधलेल्या ऑर्गनचा दर्शनी सांगाडा अजून उभा आहे, आतलं वाद्य मात्र विसाव्या शतकातलं. म्हणजे पाखेलबेल ज्या लाकडी कमानीखाली बसला ती बघता येते, त्याने ऐकलेला नाद नाही.

त्याचं खरं काम होतं ते कोरालचं, म्हणजे चर्चमधल्या स्तोत्राच्या चालीचं. लूथरच्या पंथात स्तोत्र सगळ्या मंडळींनी मिळून गायचं असतं. गाणारी माणसं म्हणजे गावातले कासार, विणकर, त्यांच्या बायका, मुलं. त्यांनी तोंड उघडण्याआधी ऑर्गनवादकाने ती चाल आपल्या रचनेतून त्यांच्या कानांवर घालायची. पाखेलबेलने यासाठी एक घडण पक्की केली आणि ती पुढे त्याच्याच नावाने ओळखली गेली. स्तोत्राची एक ओळ घ्यायची. ती आधी द्रुत, छोट्या सुरांत एका आवाजात येते, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. कानाला तिची सवय झाली की तीच ओळ लांब, ठाय सुरांत वरच्या किंवा अगदी खालच्या आवाजात अवतरते. मग दुसरी ओळ, पुन्हा तसंच. चाल कुठेही हरवत नाही, ती कुठून येणार याची मात्र उत्सुकता राहते. त्याच्या पुढच्या पिढीतला थोर संगीतकार बाख हेच करताना ऐकणाऱ्याला चकवतो, कधी कधी पार दमवतो. पाखेलबेल चकवत नाही. त्याला माहीत असतं की पुढच्या क्षणी या लोकांना गायचं आहे.

यावरून त्याला ‘सोपा’ म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. लोकांना गाता यावं म्हणून स्वतःच्या बोटांना आवर घालणं सोपं नसतं, आणि ही बोटं काही साधी नव्हती. एरफुर्टला येण्याआधी तो व्हिएन्नात संत स्टीफनच्या कॅथेड्रलमध्ये साहाय्यक ऑर्गनवादक होता. हा लूथरपंथी आणि ते कॅथलिकांचं मोठं केंद्र, तरी तिथे टिकला. नंतर एक वर्ष आयझेनाखच्या दरबारात. तो दरबार सोडताना तिथल्या संगीतप्रमुखाने, डानिएल एबर्लिनने, शिफारसपत्रात त्याला परिपूर्ण आणि विरळा कलावंत म्हटलं आहे.

आयझेनाखमध्येच बाख घराण्याशी त्याची गाठ पडली. योहान आम्ब्रोझिउस बाखशी घरोबा इतका की त्याच्या एका मुलीचा धर्मपिता पाखेलबेल झाला. आम्ब्रोझिउसचा थोरला मुलगा योहान क्रिस्टोफ एरफुर्टला त्याच्याकडे शिकला. १६९४ च्या ऑक्टोबरमध्ये ओरड्रुफला या क्रिस्टोफचं लग्न झालं तेव्हा वाजवायला गुरुजी हजर होते. धाकटा भाऊ सेबास्टियन, म्हणजे पुढचा तो थोर बाख, तेव्हा नऊ वर्षांचा. वर्षभरातच आई-बाप गेलेला हा मुलगा क्रिस्टोफकडेच राहायला आला आणि त्याच्याच हाताखाली वाजवायला लागला. दादाने कुलपात ठेवलेली स्वरलिपींची वही जाळीतून ओढून काढून त्याने महिनोन् महिने चांदण्यात नकलून काढली, ही गोष्ट बाखच्या मृत्युलेखात आहे. त्या वहीत पाखेलबेलच्याही रचना होत्या.

पण आज डोक्यात घोळतंय ते वेगळंच. १६८३.

ऑक्टोबर १६८१ मध्ये पाखेलबेलने बार्बारा गाब्लरशी लग्न केलं. दोन वर्षांत एरफुर्टमध्ये प्लेग आला आणि बार्बारा आणि तान्हं मूल दोघंही गेले. त्याच वर्षी त्याची पहिली पुस्तिका छापून निघाली, मृत्यूविषयीचे सांगीतिक विचार असं तिचं नाव. तिची मूळ छापील प्रत आज उरलेली नाही. अंत्यविधीच्या आणि सांत्वनाच्या स्तोत्रांवरचे विस्तार, म्हणजे एकाच चालीची बदलत जाणारी रूपं, त्यात होते, आणि ते कोणते असावेत हे अभ्यासकांनी हस्तलिखितांवरून ठरवलं आहे. त्यांपैकी एका स्तोत्राची सुरुवात अशी: देव जे करतो ते भलंच असतं.

हे विस्तार मी आज लागोपाठ ऐकले. रडारड कुठेच नाही. आधी चाल साधी, जशी चर्चमध्ये गातात तशी. मग उजव्या हातात धावते सूर, मग डाव्यात. ‘ख्रिस्त माझं जीवन’ या स्तोत्रावरच्या विस्तारांत तर एक प्रकारचा हलकेपणा आहे. मध्येच एक विस्तार अर्ध्या अर्ध्या सुराने खाली उतरत जातो आणि तिथे मात्र घशाशी काहीतरी येतं. पुढच्याला पुन्हा चाल सावरलेली. घरात सुतक असताना पोटापाण्याच्या कामाला लागावं लागलेल्या माणसाचा हा आवाज आहे, असं मला वाटत राहतं. माझं वाटणं एवढाच त्याला आधार.

आणि करार होताच. बायको-मुलाला पुरून जेमतेम आठ महिने झाले आणि १६८४ चा २४ जून आला. कलमाप्रमाणे त्याने त्या दुपारीही ऑर्गनच्या बाकावर बसून अर्धा तास प्रगती दाखवायची होती. काय वाजवलं असेल? दोन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, त्याने युडिथ ड्रोमरशी दुसरं लग्न केलं. घर मुलांनी पुन्हा भरलं. त्यातली आमालिया पुढे चित्रकार झाली, विल्हेल्म ऑर्गनवादक. एक मुलगा, कार्ल थिओडोर, समुद्र ओलांडून अमेरिकेत चार्ल्सटनला जाऊन ऑर्गन वाजवत राहिला.

त्याच्या त्या जगप्रसिद्ध कॅनन नावाच्या रचनेबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. मागच्या हिवाळ्यात भाचीच्या रिसेप्शनला ती आणि जावई स्टेजकडे निघाले तेव्हा तोच लागला. तीन व्हायोलिन, खाली तेच आठ सूर अठ्ठावीस वेळा. पहिलं व्हायोलिन जे वाजवतं तेच बाकीची दोन मागून वाजवतात. बांधणी सुंदरच आहे. पण ही चर्चची रचना नाही, ऑर्गनचीही नाही. १९१९ मध्ये ती पहिल्यांदा छापली गेली, आणि १९६८ च्या सुमारास झां-फ्रांस्वा पेयार या फ्रेंच संगीतकाराने संथ करून ध्वनिमुद्रित केल्यावर जगभर पसरली. ज्याने आयुष्यभर ऑर्गनच्या बाकावर बसून दोनशेच्या वर रचना केल्या त्याला लोकांनी लक्षात ठेवलं ते एका व्हायोलिनच्या तुकड्यावरून. भाचीला मी यातलं काही सांगितलं नाही. ती फार गोड दिसत होती.

१६९० मध्ये तो एरफुर्ट सोडून स्टुटगार्टच्या दरबारी गेला. दोन वर्षांत फ्रेंच सैन्य चालून आलं, तो निसटला आणि गोथाला शहराचा ऑर्गनवादक झाला. १६९५ मध्ये न्यूरेंबर्गच्या संत सेबाल्ड चर्चचे ऑर्गनवादक गेओर्ग कास्पार वेकर वारले. जागा मानाची, आणि रिवाज असा की परीक्षा घ्यायची, गावातल्या लहान चर्चमधल्या वादकांनाही संधी द्यायची. शहराने यातलं काहीही केलं नाही. पाखेलबेल मूळचा त्यांच्याच गावचा. त्यांनी त्याला सरळ निरोप धाडला: या. बारा वर्षं दर जूनला परीक्षेला बसलेल्या माणसाला या खेपेला कुणी काही विचारलं नाही.

तिथे त्याने सायंप्रार्थनेतल्या मरियेच्या स्तोत्रासाठी ९० च्या वर फ्यूग, म्हणजे एकच धून एकामागून एक आवाजांनी उचलायच्या रचना, लिहिले. काही मिनिटभराचेच. गाणाऱ्यांना सूर मिळाला की संपले. १६९९ मध्ये सहा आरियांचा, म्हणजे एक चाल आणि तिच्यावरचे विस्तार अशा रचनांचा, संग्रह काढला आणि तो व्हिएन्नाच्या रिष्टर आणि ल्यूबेकच्या बुक्स्टेहुड या दोन ऑर्गनवादकांना अर्पण केला. पहिल्या पाच आरिया एकेका सुराने वर चढत जातात, सहावी तो क्रम मोडून भलत्याच पट्टीत, एफ मायनरमध्ये, जाऊन बसते. तिचं नाव ‘आरिया सेबाल्डिना’. मार्च १७०६ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, तो गेला.

कुणाला पाखेलबेल ऐकायचा असेल तर मी हल्ली ही सेबाल्डिनाच सुचवते. आता लावली आहे, पाचवा विस्तार चालू आहे. सकाळी सातची बस आहे, पण आठही विस्तार होईपर्यंत काही मी उठत नाही.