तंबोऱ्याच्या पंचमाला चिकटलेला आवाज

एप्रिलमधे एका संध्याकाळी अप्पा म्हणाले, "तंबोऱ्याच्या पंचमाला कायतरी चिकटलंय बघ." मी म्हणलं कॅसेट जुनी आहे अप्पा, तसं असेल. त्यांनी मान हलवली आणि टीव्हीवरचं पॉज दाबलं. गाणं थांबलं, तंबोरा थांबला आणि मागं एक "हंऽऽऽ" तसाच चालू राहिला.

आधी घरची मांडणी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. अप्पांच्या भजनी मंडळाच्या आणि बैठकीच्या कॅसेटी मी दोन वर्षांपूर्वी पेनड्राइव्हवर उतरवून दिल्या, तो पेनड्राइव्ह टीव्हीला लावलेला असतो. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर जुन्या अँप्लिफायरच्या ऑक्सला, म्हणजे बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या भोकाला जाते, आणि तिथून दोन मोठे स्पीकर. टीव्हीला सेट टॉप बॉक्स आहे, त्याला केबलवाल्याची वायर. अँप्लिफायर अप्पांनी लूमवर काम करत असताना पैसे साठवून घेतलेला, तीस वर्षं होऊन गेली, पण आवाज अजून भरदार आहे.

घर सोलापुरात, अशोक चौकाच्या मागच्या बाजूला, शेजारच्या गल्लीत पॉवरलूम. सगळ्यांनी पहिलं बोट तिकडंच दाखवलं, की मोटारी चालतात, लाइन खराब होते, होणारच. पण रात्री लूम बंद असताना पण हंऽऽ तितकाच होता, त्यामुळं तो विषय माझ्यापुरता त्याच दिवशी संपला.

मग अँप्लिफायर एका दुकानात नेऊन दिला. तिथं उघडून बघायच्या आधीच "फिल्टर कपॅसिटर गेलेत" असं सांगितलं, म्हणजे आतली वीज गाळून सपाट करणारे भाग, दोन मोठे कपॅसिटर बदलले, चौदाशे रुपये घेतले. घरी आणून लावला, हंऽऽ जसाच्या तसा. मला पैशापेक्षा याचा त्रास जास्त झाला की एक साधी गोष्ट कोणी करून बघितली नाही. व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर नेला की आवाज जात होता. फिल्टर कपॅसिटर सुकले असतील तर गुणगुण सहसा व्हॉल्यूम शून्यावर असताना पण येत राहते, कारण ती पॉवर सप्लायमधून येते, व्हॉल्यूमच्या बटणाचा तिच्याशी संबंध नसतो. आमचा आवाज बटणाबरोबर कमीजास्त होत होता, म्हणजे तो बाहेरून ऑक्सच्या वायरीतून आत येत होता. कोणी दुरुस्तीला देणार असाल तर हे आधी घरी करून बघा, अर्धा मिनिट लागतो.

आता अप्पांच्या पंचमाकडं येतो, कारण मला खरा धक्का तिथं बसला. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनांची, त्यामुळं असली गुणगुण 50 आणि तिच्या पटीत येते, 100, 150 असं. अप्पांचं मंडळ काळी एकमधे गातं, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी त्यांचा सा. त्या पट्टीतल्या तंबोऱ्याची पंचमाची तार म्हणजे खालच्या सप्तकातली काळी चार, साधारण 104 हर्ट्झ. आणि 100 हर्ट्झची गुणगुण बरोबर तिच्या बगलेत, पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे कुठंतरी, कुठल्याच सुरात न बसणारी. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला चारेक हेलकावे पडतात. अप्पांना हर्ट्झ वगैरे काही माहीत नाही, पण चार हर्ट्झचा फरक त्यांनी कानानं धरला होता आणि आम्ही त्यांना कॅसेट जुनी आहे म्हणून गप्प बसवत होतो.

रविवारी दुपारी बसलो. पद्धत एकच, एका वेळी एकच वायर काढायची आणि ऐकायचं. ऑक्सची वायर काढली, शांत. परत लावली, हंऽऽ. मोबाइल चार्जरविना नुसता बॅटरीवर ऑक्सला लावला, शांत. म्हणजे अँप्लिफायर ठीक, वायर पण ठीक. परत टीव्ही लावला आणि सेट टॉप बॉक्सची एचडीएमआय काढली, शांत. ती परत लावली आणि आता फक्त केबलवाल्याची गोल वायर मागून आट्या फिरवून काढली. शेवटची आटी सुटली आणि वायर बाहेर आली त्या क्षणी खोलीतला आवाज असा गेला की मिक्सर बंद झाल्यावर घर कसं मोकळं वाटतं तसं झालं. अप्पा आतल्या खोलीत होते, तिथूनच म्हणाले, "गेलं की रे!"

काढलेल्या केबलचं बाहेरचं धातूचं टोक आणि अँप्लिफायरची बॉडी यांच्यात मल्टिमीटर धरला, एसीवर 41 व्होल्ट. ती केबल बाहेर कुठंतरी दुसरीकडं जमिनीला टेकलेली, आपला अँप्लिफायर थ्री-पिनमधून घरच्या अर्थिंगला टेकलेला, आणि दोन्ही जमिनींमधे फरक. मधे जोडणारी वायर एकच, ऑक्सची, मग तो करंट तिच्याच बाहेरच्या तारेच्या जाळीतून वाहणार आणि गाण्याबरोबर ऐकू येणार. याला ग्राउंड लूप म्हणतात.

इथं एक कळकळीनं सांगायचंय. मला दोघांनी सल्ला दिला की अँप्लिफायरच्या प्लगची वरची जाड, अर्थिंगची पिन काढून टाक, आवाज जातो. आवाज जातो हे खरं आहे. पण ती पिन काढली आणि उद्या आत कुठं फेज बॉडीला लागला तर पत्र्याची ती पेटी हात लावणाऱ्याचा जीव घेईल, आणि आमच्या घरी त्या पेटीला रोज हात लावणारे अप्पा आहेत. ती पिन काढू नका. कोणी काढून दिली असेल तर आज बदलून घ्या.

आणि 41 व्होल्ट इतके का, हे मला सोडवत नव्हतं. ओळखीच्या वायरमन अण्णांना बोलावलं. त्यांनी सॉकेटमधे न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर धरला, एक-दोन व्होल्ट असायला पाहिजे तिथं 22 दाखवत होतं. अण्णा काही न बोलता सरळ मागच्या अंगणात गेले आणि तुळशीपलीकडची फरशी उचलली. खाली अर्थिंगचा खड्डा. माती भेगाळलेली, मीठ-कोळशाचा थर कोरडा खडखडीत, आणि पाइपवरचा क्लँप गंजून बोटानं हलवला की हलत होता. सोलापूरचा उन्हाळा, जमिनीत ओल नाही, कोरड्या मातीतून करंट जाणार कसा. फ्रीज, मिक्सर, टीव्ही, सगळ्यांचा थोडा थोडा गळणारा करंट जायला वाट नव्हती म्हणून घरचा सगळा अर्थच वर उचलला गेला होता, तेच ते व्होल्ट.

अण्णांनी क्लँप नवा टाकला, वायर घासून आवळली, आणि मी दोन बादल्या पाणी ओतलं. आमच्याकडं नळाला पाणी काही दिवसाआड येतं म्हणून भांडी विसळलेलं पाणी ठेवलं होतं, तेच. तासाभरानं मीटरवर 22 चे 3 झाले. केबल परत लावली तर हंऽऽ अगदी कान लावून ऐकला तरच, आणि उरलेला घालवायला ऑक्सच्या वायरीत एक छोटा ऑडिओ आयसोलेटर टाकला, चारशे रुपयाला मिळाला. त्यात बारके ट्रान्सफॉर्मर असतात, गाणं चुंबकातून पलीकडं जातं आणि दोन्हीकडच्या वायरींचा धातूचा संबंध तुटतो. स्वस्तातल्यात खर्जाचा आवाज थोडा दबतो, आमच्यात पखवाजाचा डावीकडचा हात किंचित हलका झाला, अप्पांनी चालवून घेतलं.

एक बारीक चरचर मात्र राहिली होती, हंऽऽ पेक्षा वेगळी, भाकरी तव्यावर टाकल्यासारखी. ती पंखा दोन किंवा तीनवर असला तरच यायची, पाचवर नेला की गायब. गोल फिरणारा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट मधेच कापून पंखा हळू करतो, ती कापाकापी वायरींमधून ऐकू येते. पायऱ्यांचा, आत कपॅसिटर असलेला रेग्युलेटर बसवला आणि ती पण गेली.

त्या रात्री अप्पांनी तीच बैठक पहिल्यापासून लावली. तंबोरा सुरू झाला, मागं कॅसेटचा बारीक सूऽऽ होता. मी विचारलं, हा पण काढायला बघू का? अप्पा डोळे मिटूनच म्हणाले, "तो त्या दिवशीचा आहे, राहू दे."