किर्लोस्करवाडी, काळी वाळू आणि मरीनाचा फोटो

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर कामगारांचं एक ब्राँझ शिल्प आहे. देवीप्रसाद रॉयचौधुरींनी घडवलेलं, १९५९ सालचं. चौघं जण भल्यामोठ्या धोंड्याला भिडलेत, अंगावर कपडा नावालाच, आणि चौघांपैकी नाव एकाचंही नाही. ते पाहून आल्यापासून मला आपले चौक खटकायला लागले. साताऱ्या-सांगलीत ब्राँझचा तोटा नाही: घोड्यावरचे, फेटेवाले, हातात पुस्तक घेतलेले. कारागीर मात्र चौथऱ्यावर मला तरी कुठे भेटला नाही.

म्हणून पुणे-मिरज मार्गावर किर्लोस्करवाडीला उतरलो. पूर्वी या स्टेशनाचं नाव कुंडल रोड. १९१० मध्ये औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना इथला निवडुंगाचा माळ दिला आणि त्यांचा लोखंडी नांगरांचा कारखाना इथे आला. लोखंडाने जमीन नासते असं शेतकरी म्हणायचे, त्यामुळे सुरुवातीला नांगर खपत नव्हते. पुढे ते विकायला जे हिंडले त्यांत भाऊराव पाटीलही होते. रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर ते हेच. त्यांचे पुतळे आहेत, आणि असायलाच हवेत. पण ते नांगर ओतणारे हात कुणाचे?

पलूसच्या एमआयडीसीत ओळखीने एका छोट्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, शिरलो. दाराशीच एक मोल्डर, वाळूचे साचे करणारा, उकिडवा बसून काम करत होता. वाळू काळी, ओलसर. मुठीत दाबली की लाडू वळावा तशी. चौकटीत पॅटर्न, म्हणजे ओतायच्या वस्तूचा नमुना, ठेवून त्याने वाळू ठोकून बसवली, तारेने बारीक भोकं पाडली. भोकं नसली तर गॅस कोंडतो आणि माल फसफसतो. मग पॅटर्न अलगद उपसला, एका कडेला वाळू ढासळली होती ती छोट्या थापीने सारखी केली. पंपाच्या केसिंगचा, म्हणजे बाहेरच्या कवचाचा, साचा होता तो. आत पोकळी राहावी म्हणून वाळूचाच कोअर बसवला.

मोबाईलवर मरीनाचा फोटो दाखवला. त्याने हात पॅन्टला पुसले, फोटो मोठा केला आणि धोंडा सोडून माणसांच्या खांद्यांवर अडकला.

"जोड कुठं दिसंना, दादा. एवढं मोठं एका वताईत हुतंय व्हय?"

मी म्हटलं, मोठे पुतळे तुकड्यांत ओततात, मग जोडतात.

"मग घासणाऱ्याला मानलं पायजे."

शिल्पाची एवढी नेमकी दाद मी तिथे मरीनावरही ऐकली नव्हती. तेवढ्यात भट्टीकडून "मेटल आलंऽऽ" अशी आरोळी आली आणि आम्हाला भिंतीला लागून उभं केलं.

पलूसच्या एखाद्या चौकात कुणी असा पुतळा उभारायचं मनावर घेतलंच, तर माझी एक सूचना. छाती काढून उभा केलेला, हातोडा उगारलेला नको. उकिडवा बसलेला, हातात थापी, नजर खाली. आणि ओततानाही तो पलूसमध्येच ओता.