मारुती ८०० टर्बो एथेनॉलवर: जेट नाही, कार्बची नीडल सीट छोटी होती

मंडळी, कात्रजच्या चढावरचा प्रॉब्लेम सुटला!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गाडी ९६ ची कार्ब्युरेटरवाली (कार्बवाली) ८००, ७९६ सीसी, छोटा टर्बो ०.४ बार बूस्टवर (म्हणजे हवेचा जादा दाब), हवा टर्बोतून कार्बमध्ये ढकलली जाते आणि टाकीत फक्त एथेनॉल. ५ जून २०२१ ला पुण्यात पंपावर ई-१०० (जवळपास शुद्ध एथेनॉल) विकायचा पायलट सुरू झाला तेव्हापासून हे डोक्यात होतं.

प्रॉब्लेम असा की तिसऱ्या गिअरमध्ये बूस्ट आला की गाडी पहिले चार-पाच सेकंद मस्त ओढायची आणि मग एकदम ढिली, लॅम्ब्डा (हवा-इंधनाचं प्रमाण, आकडा वाढला की इंधन कमी) ०.८० वरून सरळ ०.९५ च्या पुढे. एथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या घरात आहे म्हणून नॉकिंग (इंधन अवेळी पेटल्याचा खडखडाट) ऐकू आलं नाही, पण बूस्टवर इतकं लीन, म्हणजे कमी इंधनावर चालवलं तर पिस्टन जातोच, त्यामुळे दरवेळी लगेच पाय काढत होतो.

तीन रविवार जेटमागे गेले (जेट म्हणजे कार्बमधलं इंधन मोजून सोडणारं बारीक भोक). हिशोब साधा आहे, वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, एथेनॉलला ९, आणि पंपावरच्या एथेनॉल १०० मध्ये साधारण ९३ टक्के एथेनॉल, ५ टक्के पेट्रोल असतं म्हणून ९.३ धरा. म्हणजे जेटचं क्षेत्रफळ दीडपट, व्यास जवळपास सव्वापट. माझा १.०० मिमीचा जेट १.२४ केला, मग १.३०, मग १.३६. सपाट रस्त्यावर गाडी नुसती ओली चालायला लागली, प्लग भिजलेले, आणि बूस्टवर मात्र तेच रडगाणं!

मग लक्षात आलं की जेट छोटा असता तर पहिल्या सेकंदापासून लीन दिसलं असतं. चार सेकंदांनी दिसतंय म्हणजे फ्लोट चेंबर (कार्बमधली इंधनाची छोटी टाकी) रिकामा होतोय, जेटपर्यंत माल पोचतच नाहीये.

कार्बचं झाकण काढलं, पंप चालू करून नीडल सीटमधून (चेंबरमध्ये इंधन येतं ते भोक, फ्लोट वर आला की नीडल ते बंद करते) किती येतं ते मोजपात्रात घेतलं (मोकळ्या जागेत, फायर एक्स्टिंग्विशर शेजारी ठेवून, कारण एथेनॉलची ज्योत उन्हात जेमतेमच दिसते, हे प्लीज हलक्यात घेऊ नका). मिनिटाला ३१० मिली. माझ्या हिशोबाने ५००० आरपीएमला, ०.४ बारवर, लागतात ४८०. पेट्रोलवर हीच सीट कशीबशी पुरत होती, म्हणून कधी कळलंच नाही.

भोसरीतल्या ओळखीच्या टर्नरकडून सीट १.५ ची २.० मिमी करून घेतली. पण भोक मोठं झालं की इंधनाचा नीडलवरचा जोरही वाढतो, फ्लोटला ती दाबून धरता येत नाही आणि आयडलला कार्ब ओव्हरफ्लो व्हायला लागला. इंधनाचं प्रेशर ठरवणारा रेग्युलेटर ४ पीएसआयवरून ३ वर आणला, फ्लोट लेव्हल परत लावली, मग बंद झालं. बूस्टचं प्रेशर रेग्युलेटरला देणारा पाइप तसाच ठेवलाय, त्याने बूस्ट जेवढा वाढेल तेवढंच इंधनाचं प्रेशरही वाढतं, तो नसेल तर बूस्ट आल्यावर चेंबरमध्ये इंधन जाणारच नाही. आता मिनिटाला ४७५ मिली. जेट परत १.२४.

काल सकाळी सहाला जुन्या कात्रज घाटात तीन फेऱ्या मारल्या, तिसऱ्या गिअरमध्ये बोगद्यापर्यंत लॅम्ब्डा ०.७८ ते ०.८१, हलला नाही. वर थांबून हात लावला तर कार्बचं बूड गार आणि बाहेरून घाम सुटलेला, इंजिन तापलेलं असताना! एथेनॉल वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढून घेतं, म्हणून मला अजून इंटरकूलरची (टर्बोतली गरम हवा गार करणारा) गरज वाटत नाही.

एक गोष्ट मात्र त्रास देते. गाडी आठवडाभर उभी राहिली की चेंबरमध्ये पांढरट जेलीसारखं साचतं, एथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि कार्बचा धातू खातं. आता दर रविवारी बंद करायच्या आधी पाच मिनिटं पेट्रोलवर चालवतो. होसेस तर सुरुवातीलाच व्हिटॉनचे (एथेनॉलमध्ये टिकणारं रबर) टाकलेत, जुने रबर फुगून मऊ झाले होते.

पुढचं काम थंडीतलं स्टार्टिंग. पुण्यात डिसेंबरमध्ये पहाटे दहाच्या आसपास पारा असतो आणि तेवढ्यात एथेनॉलची पुरेशी वाफच होत नाही. ब्राझीलमध्ये १९७९ ला फियाट १४७ एथेनॉलवर आली, तिकडच्या अशा कार्बवाल्या गाड्यांना स्टार्टिंगपुरती पेट्रोलची छोटी टाकी द्यायचे, तेच करणार आहे. वॉशरची बाटली आणि मोटर काढून ठेवलीये, पण तिचे सील पेट्रोलमध्ये टिकतात का ते आधी बरणीत भिजवून बघतोय, आज चौथा दिवस.