अंदमान, दोन मुलं, सासूबाई आणि भरती-ओहोटी : माझा अनुभव

अंदमानला जायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यांनी आधी शार्कचीच चौकशी केली. मोठी अकरा वर्षांची, धाकटा सात, सासूबाईंना बीपी, आणि नवऱ्याला समुद्र दिसला की चप्पल काढायच्या आधी पाण्यात शिरायची सवय. मी चिपळूणची. लहानपणापासून बघितलंय की दर सुट्टीत कोकणात कुठे ना कुठे पुण्या-मुंबईची मुलं बुडतात, २०१६ ला मुरूडला पुण्याच्या कॉलेजची चौदा मुलं गेली ते तर कुणीच विसरलेलं नसेल, त्यामुळे मला शार्कपेक्षा घरच्या माणसांचीच जास्त भीती वाटत होती.

एजंटने पाठवलेला प्लॅन बघून डोकंच फिरलं. सकाळी हा बीच, दुपारी तो बीच, संध्याकाळी सनसेट, आणि स्कूबा (टाकीतली हवा घेत पाण्याखाली जाणं) शेवटच्या दिवशी सकाळी अन् दुपारी विमान! स्कूबानंतर लगेच विमानात बसायचं नसतं, खोल पाण्यात शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो आणि वर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून डाइव्हवाले साधारण अठरा ते चोवीस तास थांबायला सांगतात. मी एजंटला म्हटलं स्कूबा हॅवलॉकला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी घ्या आणि विमानाच्या आदली पूर्ण रात्र पोर्ट ब्लेअरला ठेवा. तो म्हणाला मॅडम एक दिवस वाया जाईल. म्हटलं जाऊ दे. (बेटांची नावं आता बदललीत, २०१८ ला हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं, पोर्ट ब्लेअरचं २०२४ ला श्री विजयपुरम, पण तिकडे सगळे अजून हॅवलॉक-नीलच म्हणतात म्हणून मीही तेच लिहितेय.)

मग बाबांना फोन केला. बाबांचा जन्म गुहागरचा, त्यांनी आधी तारखाच विचारल्या आणि म्हणाले अगं मधे दत्तजयंती येते म्हणजे पौर्णिमा, उधाण असणार, भरतीला पाणी नेहमीपेक्षा वर चढेल आणि ओहोटीला लांब जाईल. कोकणात भरतीची वेळ काढायचं साधं गणित आहे, तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, सहाच्या सुमारास भरती. हे गणित तिकडे जसंच्या तसं लागत नाही कारण किनारा वेगळा, तासांचा फरक पडतो, पण अमावस्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग (म्हणजे पाण्याची चढ-उतार कमी) हे मात्र सगळीकडे सारखंच. म्हणून पोचल्या पोचल्या हॉटेलवाल्याकडून टाइड टेबलचा (भरती-ओहोटीच्या वेळांच्या तक्त्याचा) फोटो काढून घेतला आणि रोजचा प्लॅन त्यावरून ठरवला, एजंटच्या कागदावरून नाही.

याचा सगळ्यात मोठा फायदा नीलला झाला. तिथे लक्ष्मणपूरला दगडाची नैसर्गिक कमान आहे, गाववाले त्याला हावडा ब्रिज म्हणतात (तिकडे बंगाली वस्ती खूप). तिथपर्यंत ओहोटीलाच जाता येतं, ते पण शेवाळलेल्या खडकांवरून आणि प्रवाळाच्या डबक्यांमधून. आम्ही ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी निघालो आणि पाणी वळायच्या आत परत. येताना समोरून नटूनथटून फ्लिप फ्लॉपवर येणारी मंडळी भेटली, पाणी चढायला लागलेलं आणि यांचं रील अजून व्हायचंय. एका आजींना त्यांच्या मुलाने हात धरून आणलेलं, त्यांना मी सरळ सांगितलं की परत फिरा, रागावले असतील तर रागावू देत.

सासूबाई पुढे आल्याच नाहीत, त्या वर नारळपाणी पीत बसल्या, पण माडाखाली नाही हं, खुर्ची बाजूला ओढून. आमच्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही, तिकडे मात्र लोक भरल्या माडाखाली चटई टाकून झोपलेले बघितले.

आता हॅवलॉकचं राधानगर. खरंच सुंदर आहे, २०२० ला ब्लू फ्लॅग (स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) मिळालेला बीच, लाइफगार्ड असतात, झेंडे असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं, नुसता लाल असेल तर पाण्यात जायचंच नाही. मी पाण्यात उतरायच्या आधी लाइफगार्डला जाऊन विचारलं की इथे करंट कुठे आहे, तर तो पोरगा इतका खूश झाला, म्हणाला कोई पूछता ही नहीं. मग हात करून दाखवलं, दोन्हीकडे लाटा फुटून पांढरा फेस येतोय आणि मधे एक पट्टा सपाट, जरा गडद. "जहाँ लहर नहीं टूटता ना मैडम, वहीं मत जाना." आपल्याला उलटंच वाटतं ना, जिथे लाट नाही तिथे पाणी शांत म्हणून मुलांना आपण तिथेच घेऊन जातो! पण किनाऱ्यावर आलेलं पाणी त्याच वाटेने परत समुद्रात जातं आणि माणसालाही घेऊन जातं. अडकलंच कुणी तर किनाऱ्याकडे झटापट करायची नाही, दमून माणूस बुडतो, आडवं तरंगत राहायचं, हात वर करायचा, आणि जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाजूला निघायचं. हे मी दोन्ही मुलांकडून वाळूत आडवं पाडून वदवून घेतलं, धाकट्याने त्याचा खेळच केला.

नवऱ्यासाठी नियम एकच, कमरेच्या वर पाणी नाही आणि जेवून लगेच नाही. आणि सूर्य! डिसेंबरात तिकडे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, घड्याळ आपलंच पण आपण मुंबईपेक्षा वीस रेखांश पूर्वेला, त्यामुळे चहाची वेळ होईपर्यंत अंधार पडायला येतो आणि लाइफगार्ड शिट्ट्या मारून सगळ्यांना बाहेर काढतात. पहाट पण तशीच लवकर होते, आम्ही पाचला उठून सहाला पाण्यावर असायचो आणि दहा ते तीन सरळ खोलीत, सासूबाईंच्या बीपीसाठी आणि सगळ्यांच्याच कातडीसाठी. एसपीएफ ५० लावलं तरी पाण्यात ते निघून जातं, मुलांना पूर्ण बाह्यांचे स्विमसूट घातले तेच कामाला आलं. बरोबर ओआरएसची पाकिटं ठेवा, घाम येतोय हे ओल्या अंगाने कळतच नाही.

मगरींचं पण सांगते. आम्ही चिपळूणचे म्हणजे वाशिष्ठीतल्या मगरी बघत मोठे झालो, पण त्या गोड्या पाण्यातल्या. अंदमानात खाऱ्या पाण्यातली मगर असते, तिच्यापेक्षा कितीतरी मोठी आणि समुद्रात पण पोहणारी. २०१० मध्ये राधानगरच्याच बाजूच्या खाडीत स्नॉर्कलिंग करताना एक परदेशी बाई मगरीच्या हल्ल्यात गेली होती. रोज असं होत नाही, पण जिथे तिवरं (खारफुटी) आहेत, खाडी येऊन मिळते, पाणी गढूळ आहे तिथे आणि अंधार पडल्यावर कुठेच पाण्यात पाय घालायचा नाही, आणि मगरीचा बोर्ड दिसला तर "आज तर नाही दिसत" असं म्हणायचं नाही. बोर्डाशेजारी उभं राहून फोटो काढणारे आणि मग तिथेच उतरणारे, दोन्ही प्रकार बघितले.

स्कूबाला आधी एक फॉर्म भरून घेतात, दमा, कान, हृदय, फिट्स, सर्दी वगैरे. तिथे लोक सगळ्याला नो नो नो करत जातात. नवऱ्याला सर्दी होती, त्याने फॉर्ममध्ये खरं लिहिलं आणि त्याला बाहेर बसवलं, बरंच झालं, कारण नाक चोंदलं असेल तर कानातला दाब जुळवता येत नाही आणि पडद्याला इजा होऊ शकते. दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना करता येतं म्हणून मी आणि मोठी गेलो. आधी उथळ पाण्यात सराव, नाक दाबून हळूच फुंकायचं, ते दर थोड्या थोड्या खोलीला करायचं, कान दुखायची वाट बघायची नाही. आणि श्वास कधीच रोखून धरायचा नाही, हे तर ट्रेनर इतक्यांदा म्हणाला की पोरगी रात्री झोपेत पण म्हणत होती. तिने एकदा कान दुखतोय अशी खूण केली, ट्रेनरने तिला लगेच मीटरभर वर घेतलं, मग ठीक. एका ट्रेनरबरोबर एकच माणूस ना, हे पैसे भरायच्या आधी विचारून घ्या.

एलिफंट बीचला बोटीने गेलो. एका बोटीवर दिलेल्या लाइफ जॅकेटचं बक्कल तुटलेलं, दोरीने बांधलेलं, मी बदलून मागितलं तर "कुछ नहीं होता". दुसरं मिळेपर्यंत मी बसलेच नाही, मागची लाइन ओरडत होती. लहान मुलाचं जॅकेट बघायची सोपी पद्धत म्हणजे खांद्याला धरून वर ओढायचं, कानापर्यंत वर आलं तर ते मोठं आहे, पाण्यात मूल त्यातून खाली घसरतं.

तिथेच मोठीच्या हाताला जेलीफिश लागली. नवरा बिसलेरीची बाटली घेऊन धावला तर गाइडने त्याला अडवलं, गोडं पाणी टाकायचं नाही, चोळायचं नाही, त्याने समुद्राच्याच पाण्याने धुतलं, मग व्हिनेगर टाकलं आणि चिकटलेले तंतू चिमट्याने काढले. अर्धा तास आग आग झाली, श्वास, ओठ, डोळे बघत बसलो, काही वाढलं नाही. वाढलं असतं तर बेटावरच्या सरकारी दवाखान्यात, म्हणून तो कुठे आहे हे आदल्या दिवशीच रिक्षावाल्याकडून बघून ठेवलं होतं. व्हॉट्सअॅपवर जे दुसरं "द्रव औषध" (म्हणजे लघवी) फिरतं ते विसरा, त्याने उलट वाढू शकतं.

बाकी छोटं छोटं. पाच नंबर बीचवर ओहोटीला मेलेलं प्रवाळ उघडं पडतं, अनवाणी चालू नका, प्रवाळाचं खरचटलेलं लवकर चिघळतं, स्वच्छ पाण्याने आतले कण काढून बेटाडिन. सँडफ्लाय पहाटे आणि संध्याकाळी चावतात, खोबरेल चोपडून बसलो तर कमी चावल्या, पण खाज परत आल्यावरही होती. कॅश जवळ ठेवा, नेटवर्क कधी असतं कधी नसतं. आणि मोठा धक्का बसला, म्हणजे जमीन जोरात हलली, तर सायरनची वाट न बघता उंचावर जायचं हे हॉटेलवाल्याने स्वतःहून सांगितलं, २००४ ची सुनामी त्याने बघितलीय.

नीलहून परतायच्या दिवशी वारा वाढला आणि सकाळची फेरी रद्द. धक्क्यावर लोक रडकुंडीला आलेले, त्यांची त्याच दिवशीची विमानं. आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो, तो "वाया जाणारा" दिवस असा वापरला गेला, फक्त सेल्युलर जेल घाईत बघावं लागलं, सावरकरांच्या कोठडीपाशी सासूबाईंना अजून थांबायचं होतं. बोटीत मधल्या भागात, खालच्या मजल्यावर जागा घ्या आणि उलटीची गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधीच, लागायला लागल्यावर नाही.

विमानतळावर सामान स्कॅन करताना पुढच्या कुटुंबाच्या बॅगेतून प्रवाळाचे तुकडे निघाले, वन्यजीव कायद्याखाली ते नेता येत नाहीत, मेलेलं असलं तरी. सगळी बॅग उपसली, मुलगी रडत होती. धाकट्याच्या खिशातलं सगळं मी बीचवरच परत टाकायला लावलं होतं, तरी त्याच्या सॉक्समधून एक शिंपला निघाला, तो तिथल्या माणसाने ठेवून घेतला आणि आम्हाला सोडलं.